शेजाऱ्याची मोकळी जागा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होतो. "मामा, मकरपुऱ्याला घर बघितलंय. फ्लॅट नव्हे, बंगला. चार हजार फुटांचा प्लॉट. पैसे भरण्याआधी तू एकदा येऊन बघून जा." आम्ही गोंयकार जमीन चौरस मीटरमध्ये मोजणारे. पोर्तुगीज गेले, मीटर मागे राहिला. फूट ऐकला की पावणेअकराने भागत बसावे लागते. भागले, तर तीनशे सत्तर मीटर निघाले. आमच्या गावात एवढ्या जागेला कोणी उठून मान देणार नाही, परसातले माडच तेवढी जागा खातात. पण वीस-बावीस लाख वस्तीच्या शहरात, नोकरीच्या ठिकाणापासून दहा मिनिटांवर, पगारदार माणसाने पावणेचारशे मीटरची गोष्ट करायची म्हणजे चैनच म्हणायची.

भाचा नऊ वर्षे बडोद्यात आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात तो कामाला, बायको बँकेत. शहराच्या पश्चिमेला भायलीकडे नव्या इमारतीत नवव्या मजल्यावरचा फ्लॅट जवळपास ठरला होता. मग कोणा सहकाऱ्याने या जुन्या बंगल्याचे नाव काढले आणि सगळे फिसकटले. माझी बहीण फ्लॅटच्या बाजूची. "जुन्या घरांची कटकट आपण इथं कमी भोगली काय?" हे तिचे म्हणणे. तिचे चूक नाही. आमच्या मूळ घराच्या कागदांवर आज एकवीस नावे आहेत, त्यांतली तीन लिस्बनला आणि एक कुठे आहे ते देवालाच ठाऊक. तर बहिणीच्या मते मी तिथे जाऊन भाच्याचे डोके ठिकाणावर आणायचे होते, आणि भाच्याच्या मते मी त्याच्या आईला पटवायचे होते. दोघांनीही मला भाडे दिले नाही, हे आपले जाता जाता.

मकरपुरा हे नाव बडोद्याबाहेरच्या मराठी माणसाला फारसे माहीत नसते. बडोदे म्हटले की लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीराव, मांडवी, दांडिया बाजार. २०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलनाला गेलो होतो तेव्हा मीही एवढेच पाहून परत आलो. मकरपुरा याच्या दक्षिणेला. तिथे खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास उन्हाळी राजवाडा बांधला, सयाजीरावांच्या काळात तो वाढला. म्हणजे शहरातली गर्दी नको, झाडी हवी, वारा हवा, म्हणून गावाबाहेर घर काढणारा मकरपुऱ्याचा पहिला गृहस्थ खुद्द महाराजच. त्या राजवाड्यात आता हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे.

महाराजांनंतर शंभर वर्षांनी तिथे कारखाने आले. गुजरातचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, आयपीसीएल १९६९ साली स्थापन झाली. मकरपुरा रोडवर ओएनजीसीचे कार्यालय आले, पलीकडे माणेजाला विजेच्या यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने आले. त्यांच्या मागोमाग अभियंते, फोरमन, हिशेबनीस आले, कोणी केरळातून, कोणी बंगालमधून, बरेचसे महाराष्ट्रातून. या मंडळींनी पंधरा-वीस-चाळीस जण जमवून सोसायट्या केल्या, शेतकऱ्याची जमीन घेतली, बिनशेती करून घेतली आणि प्लॉट पाडले. भाच्याने पाहिलेला बंगला अशाच एका सोसायटीतला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी बांधलेला.

सोसायटीत शिरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मकरपुरा डेपोपासून तिथवर येईपर्यंत उन्हाने डोके भणभणले होते आणि त्या गल्लीत वळल्यावर ऊन एकदम थांबले. दोन्ही बाजूंना कडुलिंब आणि आसोपालव, कंपाउंडच्या भिंती कमरेएवढ्या, त्यांच्या आत जास्वंद, चिकू, एखादा आंबा. घरे बुटकी. प्रत्येक घरापुढे ओटला आणि ओटल्यावर हिंचको, म्हणजे आपला झोपाळा. मागे कोटा फरशी घातलेली चोकडी, भांडी घासायची आणि कपडे धुवायची. चार हजार फुटांच्या प्लॉटवर घर चौदाशे फुटांचे. बाकीची सगळी जागा मोकळी. मला आमच्या बाल्कांवाची आठवण झाली आणि घर आवडले. घर आवडले की सल्ला देणाऱ्याची अक्कल अर्धी होते, हे मला तिथेच उमगायला हवे होते.

मालकीणबाई मराठी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सगळी सोसायटी त्यांना काकी म्हणते, मग आम्हीही काकी म्हटले. त्यांचे मराठी अस्सल बडोदेकरी, मधूनमधून 'बराबर' आणि 'चालेल ने' पेरलेले. यजमान ओएनजीसीत होते, वारून अकरा वर्षे झाली. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. काकी आता मुलीकडे जाणार.

मी काकींना म्हटले, "तुम्ही लोकांनी त्या काळात एवढी मोकळी जागा सोडलीत, केवढी दृष्टी!" काकी हसल्या. मला गच्चीवर घेऊन गेल्या, गुडघे दुखत असताना. गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या. "ही आमची दृष्टी," म्हणाल्या. "वरचा माळा काढायचा होता. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज घेतलेलं, ते खालीच संपलं. मग मुलांची शिक्षणं. मग मुलंच गेली. आता कोणासाठी काढायचा?"

म्हणजे आज ज्या मोकळेपणाची किंमत लागते तो मोकळेपणा कोणी ठरवून ठेवलेला नव्हता. पैसे पुरले नाहीत म्हणून तो उरला. त्यात भर १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची. शहराच्या वर्गवारीप्रमाणे पाचशे ते दोन हजार चौरस मीटर अशी मर्यादा त्याने घातली होती. १९९९ साली केंद्राने तो रद्द केला, गुजरातने ती रद्दबातलता लगेच स्वीकारली, महाराष्ट्राने २००७ मध्ये. शहराच्या कडेच्या जमिनींचा बाजार त्यानंतर मोकळा झाला आणि या जुन्या सोसायट्यांतल्या रिकाम्या जागांकडे लोकांचे लक्ष जाऊ लागले.

कागदपत्रांचे काम भाच्याने बरे केले होते. सात-बारा, सिटी सर्व्हेचे कार्ड, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, वेरा भरल्याच्या पावत्या, वकिलाने वर्तमानपत्रात नोटीस देऊन काढलेले टायटल क्लिअर सर्टिफिकेट. आपल्याकडे ज्याला विक्रीचा करार म्हणतात त्याला तिथे बानाखत म्हणतात. सरकारी दराला जंत्री. २०२३ च्या एप्रिलपासून जंत्रीतले जमिनीचे दर दुप्पट झाले, त्यामुळे जुन्या घराच्या मोठ्या प्लॉटवर मुद्रांक शुल्क चांगलेच बसते. शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. घेणारी बाई असेल तर नोंदणी फी माफ. म्हणून घर सुनेच्या एकटीच्या नावावर करायचे ठरले होते. मला गंमत वाटली. आमच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने बायको लग्नाच्या दिवसापासून अर्ध्याची मालकीण, तिच्या सहीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. इथे तीच गोष्ट एक टक्का वाचवण्यासाठी होते. कशानेही होवो, झाली म्हणजे पुरे.

काही गोष्टी मात्र कोणत्याच कागदावर नसतात. घराला पायऱ्या दोन होत्या. काकी म्हणाल्या, "चार होत्या. दोन रस्त्यानं खाल्ल्या." दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता वर येतो, जुनी घरे खाली जातात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, अर्धे बडोदे पाण्यात होते, मगरी वस्तीत आल्याची चित्रे तुम्हीही टीव्हीवर पाहिली असतील. या गल्लीत पाणी काकींच्या दुसऱ्या पायरीला लागून उतरले. बाजूच्या प्लॉटवर मात्र ते आत शिरले होते, कारण त्या घरवाल्याने सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने बंद केलेले. काकींच्या अंगणाची माती तेवढे पाणी पिऊन गेली, असे त्यांचे म्हणणे. अभियंता असलेला भाचा म्हणाला की एवढे सरळ गणित नसते. नसेलही. पण अशा घराच्या खरेदीत मी आधी पायऱ्या मोजीन, मग सात-बारा पाहीन.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसलो तो सांगतो.

त्या ओटल्यावर बसून समोर पाहिले तर दिसते काय? काकींचा प्लॉट दिसत नाही, तो पाठीमागे आणि बाजूला आहे. दिसतो तो समोरच्याचा आंबा, शेजाऱ्याचा चिकू, त्याच्या पलीकडच्याची बुटकी गच्ची आणि तिच्यावरचे आकाश. वारा येतो तो शेजाऱ्याने सोडलेल्या जागेतून. दलाल ज्याला 'पॉश, शांत, जुनी सोसायटी' म्हणून दर सांगतो तो दर या चाळीस घरांनी न बांधलेल्या जागेचा आहे. भाचा पैसे मोजणार त्यांतले निदान निम्मे दुसऱ्यांच्या मोकळ्या जागेचे. आणि त्या जागेवर त्याचा हक्क काडीचा नाही. उद्या समोरच्याने आंबा तोडला, चारही बाजूंचे मार्जिन नियमात बसेल तेवढेच ठेवून वर मजले चढवले, तर भाच्याने विकत घेतलेली वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी होईल आणि दस्तातला एक शब्दही बदललेला नसेल. फ्लॅट घेणाऱ्याला निदान माहीत असते की समोर उद्या दुसरी इमारत येणार. बंगल्याच्या गिऱ्हाइकाला वाटते, आपण जमीन घेतली, आता काळजी नाही.

गल्लीच्या तोंडाशी दोन प्लॉट एकत्र करून पत्रे मारलेले मी येतानाच पाहिले होते.

दलाल अगदी सज्जन माणूस. तो मला समजावत होता की इथले वातावरण कधी बिघडणार नाही. "अहीं बधा आपणा ज छे," म्हणाला. इथे सगळे आपलेच. मग त्याने सहज विचारले, "तमे गोवाना? क्रिश्चियन?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. पण पुढचा प्रश्न तयार होता : मासे खाता काय? म्हणजे तशी अडचण नाही, पण कमिटीतले एक-दोन वडीलधारे आहेत, ते विचारतात.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी दलालाकडे पाहिले. गोव्यातल्या बामणाला मासे खातोस काय हा प्रश्न विचारणे म्हणजे श्वास घेतोस काय विचारण्यासारखे. सोमवार सोडून, असे मी सांगणार होतो. तेवढ्यात काकीच आतून बोलल्या, "खातात हो, आम्हीपण खातो. पंचेचाळीस वर्षं खातोय. खिडकी लावून."

खिडकी लावून. मकरपुऱ्यात ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात हे दोन शब्द माझ्या जास्त लक्षात राहिले. गायकवाडांच्या राज्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या बाईला आपल्याच स्वयंपाकघराची खिडकी लावावी लागते आणि त्यात तिला काही विशेष वाटतही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात बडोद्यात गाड्यांवरचे मांसाहारी पदार्थ झाकून ठेवा अशी सूचना महापालिकेच्या स्थायी समितीकडून निघाली होती. घरातल्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीपासून लागलेल्या होत्या म्हणायच्या.

आणि 'आपणा' या शब्दाचा दुसरा अर्थ तर तिथे कायद्यातच जाऊन बसला आहे. गुजरातेत १९९१ चा एक कायदा आहे, लोक त्याला अशांत धारो म्हणतात. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने कोणी घर मातीमोलाने विकून पळू नये, हा त्याचा मूळ हेतू. बडोद्याचेही काही भाग त्याखाली आहेत. प्रत्यक्षात हिंदूचे घर मुसलमानाला किंवा मुसलमानाचे हिंदूला जाऊ नये, यासाठीच लोक त्याचे नाव घेताना मी ऐकले. दलालाचे 'आपणा ज' त्यातलेच. त्या यादीत आम्ही कुठवर बसतो ते माशांच्या प्रश्नाने कळले. बसलो, पण कडेला.

सोसायटी आणि जात यांचे हे नाते आजचे नाही, आणि आपण सारस्वतांनी तर त्याविषयी बोट दाखवताना जपून दाखवावे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक कोणाची? सारस्वतांची. १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ही चित्रापूर सारस्वत मंडळी, कानडा मुलखातून मुंबईत नोकरीला आलेली, भाड्याच्या खोल्यांना विटलेली. त्यांना जातभाईच का जमवावेसे वाटले? कारण उसने पैसे कोण परत करील आणि कोण बुडवील याची माहिती तेव्हा जातीतच होती. बँक ती माहिती ठेवत नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या विश्वासावर घरे उभी राहिली त्याच विश्वासाच्या कुंपणाबाहेर बाकीचे राहिले, हेही खरे.

याच गोष्टीचा निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयात लागला, तोही गुजरातच्याच एका सोसायटीवरून. अहमदाबादची झोरोस्ट्रियन सोसायटी, पारश्यांची. एका सभासदाला आपला जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते आणि समाजाबाहेरही विकायचे होते. सोसायटीचा उपनियम सांगत होता, सभासद फक्त पारशी. २००५ साली न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. माणसांना आपल्या पसंतीची संस्था काढण्याचे स्वातंत्र्य आहे, असा त्याचा रोख. मी कायद्याचा माणूस नाही, पण हा निकाल मला घशाखाली उतरत नाही. बंगल्याच्या जागी फ्लॅट नकोत, हे सोसायटीने म्हणावे, जरूर म्हणावे. फ्लॅटमध्ये कोण राहील हे तिने ठरवू नये. अडचण अशी की दोन्ही गोष्टी एकाच उपनियमांच्या पुस्तकात, एकाच हाताने लिहिलेल्या असतात. गल्लीची सावली आणि माशाची लावलेली खिडकी एकाच कमिटीच्या ताब्यात.

अमेरिकेत हेच झाले. तिथे घरांच्या दस्तांतच, हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये, अशी कलमे असत. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोर्टांनी अशी कलमे राबवू नयेत. पण कित्येक उपनगरांनी एका प्लॉटला किमान एवढी जागा हवीच, असे नियम करून ठेवले होते. मोठा प्लॉट ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर. नाव कोणाचे घ्यावेच लागत नाही.

असो. मकरपुऱ्याला परत येतो.

दलाल गेल्यावर ओटल्यावर आम्ही दोघेच होतो. काकींनी चहा आणि लीलो चेवडो दिला होता. मी भाच्याला हे सगळे न बांधलेल्या जागेचे तत्त्वज्ञान ऐकवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, पण मी पण तेच बघून घेतोय ना. आता खाली राहायचं. पुढे वर दोन माळे चढवायचे, एक भाड्यानं द्यायचा. एफएसआय भरपूर शिल्लक आहे. नाहीतर एवढे पैसे घालून परवडतं कुणाला?"

मला राग आला. मी म्हटले, मग समोरच्याने बांधले तर ओरडू नकोस. तो म्हणाला, मी कुठे ओरडतोय, ओरडतोस तू. आणि मग, जरा वेळाने, खालच्या आवाजात : "आणि आपण गावात काय केलं?"

आपण गावात काय केले ते सांगतो. २०१४ साली आमच्या घराच्या उत्तरेकडचा तुकडा विकला. जुनी वाटणी होती, तो भाग माझ्या आणि एका चुलतभावाच्या वाट्याचा, सह्या दोन-चारच लागल्या. तिथे दोन फणस होते आणि बाकी रान. पैशांची गरज होती, माझीच होती, मुलीच्या शिक्षणासाठी. घेणाऱ्याने सांगितले, एक छोटे घर बांधणार. तिथे आज तीन मजली इमारत आहे, सोळा फ्लॅट, बहुतेकांच्या खिडक्या वर्षातले दहा महिने बंद. शेजारच्या आमच्या म्हाताऱ्या काकूच्या विहिरीवर आता सकाळचे ऊन येत नाही. तिने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. विहिरीत आता शेवाळ फार धरते, एवढेच एकदा म्हणाली.

म्हणजे शेजाऱ्याची मोकळी जागा विकण्याचे काम मी स्वतः केले आहे. काकूच्या उन्हाची किंमत माझ्या दस्तात कुठेच नव्हती, पण घेणाऱ्याने ती मला दिली आणि मी घेतली.

गोव्यात आपण या गोष्टीवर रस्त्यावर उतरलो होतो. २००६ चा प्रादेशिक आराखडा आठवत असेल. त्याविरुद्ध गोवा बचाव अभियानाने रान उठवले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. मीही पणजीला गेलो होतो, घोषणा दिल्या होत्या. त्यानंतर काय झाले? आराखडा एकदम बदलायचे सोडून एकेका प्लॉटचा झोन बदलायची वाट निघाली. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची या नावाखाली शेतजमीन वसाहतीच्या झोनमध्ये घालण्याचे अर्ज त्याखाली गेले. २०२५ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. आपण नाव घेताना बिल्डरचे आणि दिल्लीवाल्याचे घेतो. पण शेतजमीन असो की परसातला तुकडा, दिल्लीवाल्याच्या आधी कोणीतरी गोंयकाराने सही केलेली असते. माझी सही मी वर सांगितलीच.

भाच्याशी भांडण त्यामुळे फार ताणता आले नाही. पण एक गोष्ट मी त्याच्याकडून करवून घेतली आणि जुन्या सोसायटीत घर घेणाऱ्या कोणालाही मी ती करायला सांगेन. सेक्रेटरींकडे जाऊन आम्ही सभांच्या इतिवृत्तांचे रजिस्टर बघायला मागितले. सेक्रेटरी निवृत्त मास्तर, त्यांना आनंदच झाला. आजवर एकाही गिऱ्हाइकाने ते मागितले नव्हते म्हणे. वकील टायटल बघतो, बँक मूल्यांकन बघते, हे रजिस्टर कोणीच बघत नाही.

सोसायट्या दोन प्रकारच्या असतात हे मला तिथे नीट समजले. एकीत जमीनही संस्थेची आणि घरही संस्थेचे, सभासद फक्त राहतो. गावदेवीची ती या जातीची. दुसरीत जमीन संस्थेची, पण घर सभासदाने आपल्या खर्चाने बांधलेले. आपल्या सहकार खात्याच्या भाषेत याला भाडेकरू मालकी संस्था म्हणतात. काकींची सोसायटी अशी. म्हणजे समोरच्याच्या मार्जिनवर काही म्हणायचे बळ चाळीस जणांच्या सभेत थोडेफार आहे, तिने ते वापरले तर. रजिस्टरमध्ये १९८३ सालचा एक ठराव सापडला : पुढचे मार्जिन कोणी बांधकामाने व्यापू नये, झाड तोडण्याआधी कमिटीला कळवावे. एकमताने मंजूर. खाली चाळीसपैकी सदतीस सह्या, निळ्या शाईच्या, काकींच्या यजमानांचीही. त्यानंतर वीसएक वर्षे पार्किंग, पाण्याची मोटर, नवरात्रीची वर्गणी. अलीकडच्या पानांवर पुनर्विकास हा शब्द तीनदा आला होता. तिन्ही वेळा पुढे लिहिलेले : कोरम नसल्याने विषय स्थगित.

सभासद कोण होऊ शकेल, याबद्दल सबंध रजिस्टरमध्ये एकही ठराव नव्हता. मी मुद्दाम पुन्हा चाळले. मास्तर म्हणाले, "ते लिहावं लागत नाही."

व्यवहार झाला. दस्त सुनेच्या नावावर झाला, १ टक्का वाचला. काकी पुण्याला गेल्या, हिंचको ठेवून गेल्या, तो मुलीच्या फ्लॅटमध्ये मावत नव्हता. गच्चीवरच्या सळया आहेत तशा आहेत. सुनेने पहिल्याच शुक्रवारी बांगडे तळले आणि खिडकी उघडी ठेवली, असे भाच्याने फोनवर सांगितले. अजून कोणी काही बोललेले नाही. शेजारच्या बेनने दुसऱ्या दिवशी कढी पाठवली.

पावसाळ्यानंतर सर्वसाधारण सभा आहे. १९८३ चा ठराव पुन्हा वाचून कायम करावा असा अर्ज मास्तरांनी तयार केला आहे, त्याच सभेत गल्लीच्या तोंडाशी पत्रे मारलेल्या मालकाचाही अर्ज आहे. सभासद म्हणून मत आता सुनेचे. तिने मला विचारले, "मामा, तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी तिला २०१४ ची गोष्ट पुन्हा सांगितली, काकूच्या विहिरीसकट. ती म्हणाली, "ते मला ह्यांनी सांगितलंय. मी आता काय करू ते विचारतेय."